नाही म्हणणारे सगळे एकसारखे नसतात

मा. संपादक,
स.न.

घर भाड्याने देताना 'आपलीच माणसं हवीत' म्हणणाऱ्यांचा विषय निघाला की लोक 'स्वभावाला औषध नाही' म्हणून मोकळे होतात, मला ते अजिबात पटत नाही. आमच्या सोसायटीत एका मुस्लिम डॉक्टर जोडप्याला फ्लॅट द्यायला दोन काकांनी कडाडून विरोध केला, दोघंही इंजिनिअर. एक खरंच घाबरलेले, 'उद्या काही झालं तर, बिल्डिंगमध्ये पोरंबाळं आहेत, आजवर चालत आलंय ते कशाला मोडायचं'. दुसऱ्यांना भीती वगैरे काही नव्हती, 'आपल्या सोसायटीचा एक क्लास आहे, फ्लॅटचे रेट पडतील' एवढंच चाललेलं, आणि कामवाल्या मावशींना लिफ्ट बंद करा म्हणून मागे लागलेले ते हेच.

न्यूझीलंडचे मानसशास्त्रज्ञ जॉन डकिट यांनी 2001 मध्ये हेच दोन रस्ते दाखवलेत. ज्याला जग धोक्याचं वाटतं तो परंपरा, शिस्त, कडक नेता यांना घट्ट धरतो (कॅनडाच्या बॉब आल्टेमायर यांनी ही वृत्ती मोजायची प्रश्नावली आधीच केली होती), आणि ज्याला जग म्हणजे नुसती चढाओढ वाटते त्याला कोणीतरी आपल्या खाली हवंच असतं. पहिला ज्यांच्यापासून धोका वाटतो त्यांच्यावर चिडतो, दुसरा कमी लेखल्या गेलेल्यांना तुच्छ समजतो, आणि दोन्ही ज्याच्यात आहे तो सहसा एकाच गटावर थांबत नाही.

म्हणून उपायही एक नाही. भीती व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डनी वाढते तशी रोजच्या ओळखीनं, येण्याजाण्यानं कमीही होते, हे अभ्यासांत दिसलंय. पण ज्याला वरचढच राहायचंय त्याला ओळख करून देऊन फारसं काही होईल असं मला वाटत नाही, तिथे नियमच लागतो. आणि हे फक्त घरापुरतं नाहीये, सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी 2007 मध्ये छापलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले होते, दलित नावांना बोलावणं कमी आलं आणि मुस्लिम नावांना त्याहून कमी.

नियमाची सुरुवात तुम्हीही करू शकता. तुमच्या छोट्या जाहिरातींत 'फक्त अमुक समाजासाठी' अशा ओळी सर्रास येतात, त्या छापणं कृपया बंद करा.

आपला,
एक सोसायटी सभासद, पुणे