उलट चिठ्ठीबद्दल आभार

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तासगाव-कवठेमहांकाळ पट्ट्यातले मधुमेही पेशंट पाय काळा पडायच्या आधी सांगलीला आमच्या पायांच्या दवाखान्यात येऊ लागलेत, ते तुमच्यामुळे. नाव घालत नाही, तुम्हाला ते रुचायचं नाही. पण पायांचा दवाखाना काढू पाहणाऱ्यांनाही उपयोग व्हावा म्हणून पत्र उघड लिहितो आहोत.

सगळ्यात मोठं ऋण तुमच्या अटीचं: पेशंट पाठवीन, पण त्याच दिवशी उलट चिठ्ठी हवी, तीही अर्ध्या पानात. काय सापडलं, काय केलं, तुम्ही काय करायचं, परत कधी पाठवायचं, एवढंच. ‘डाव्या अंगठ्याखाली १ सेंमी जखम, तपासणीची सळई हाडाला लागत नाही. घट्टा तासला, फेल्ट (दाब कमी करणारी जाड पट्टी) लावलं. ड्रेसिंग एक दिवसाआड तुमच्याकडे. १० दिवसांनी पाठवा.’ जतहून किंवा आटपाडीहून ड्रेसिंगपुरतं एसटीने कोण येतं? जखम गावातच बांधली गेली तर पेशंट टिकतो, आणि तो तुमचाच राहतो. साखरेच्या गोळ्यांना हात लावायचा नाही, हेही तुम्हीच बजावलंत. नवे दवाखाने इथेच घसरतात. डायऱ्या वाटतात, जेवणं घालतात, आणि पेशंट मात्र स्वतःकडेच ठेवून घेतात. मग दुसरा कोण पाठवणार?

कटचा, म्हणजे पेशंट पाठवण्याच्या कमिशनचा, विषय तुम्ही पहिल्याच भेटीत मिटवलात. रेफरलपोटी पैसे देणं-घेणं २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहेच. शिवाय कट शेवटी बिलातूनच निघतो, आणि बिल फुगलं की माणूस तिसऱ्या ड्रेसिंगला फिरकत नाही.

‘पायाचा काही त्रास असेल तर पाठवा’ या निरोपाला काही अर्थ नाही, हे तुमचं म्हणणं पटलं. म्हणून टेबलाच्या काचेखाली ठेवायचा कागद तयार झाला. काळं बोट, पू, दुर्गंधी: आजच. बधीर पायाला कुठलीही जखम, दुखत नसली तरी: दोन दिवसांत. आणि सगळ्यात जास्त हुकणारा पेशंट, एकच पाय लाल, गरम, सुजलेला, पण जखम नाही आणि तापही नाही. सेल्युलायटिस (कातडीखालचा जंतुसंसर्ग) समजून अँटिबायोटिक सुरू होतं, एक्सरे सुरुवातीला साफ असू शकतो, माणूस चालत राहतो आणि पायाची कमान खचते. तो शार्को, म्हणजे बधीर पायाची हाडं-सांधे ढासळण्याचा आजार, असू शकतो. दुसऱ्या पायापेक्षा त्वचा २ अंश सेल्सिअसने गरम लागली तर चालणं बंद करून पाठवायचं.

तुमच्या कंपाउंडरचे वेगळे आभार. मधुमेही आत यायच्या आधीच तो चप्पल-मोजे काढायला लावतो. एवढ्याने तपासणी होते, नाहीतर गर्दीच्या वेळी पाय बघायचे राहूनच जातात. मोनोफिलामेंट, म्हणजे पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू, तोही तो नीट वापरतो. पेशंटचे डोळे मिटलेले, तंतू वाकेपर्यंत टेकवायचा, साधारण दीड सेकंद, घट्ट्यावर नाही, आणि मधूनच एकदा न टेकवताच ‘लागलं का?’ विचारायचं. ओळीने १० पेशंट झाले की तंतूला २४ तास विश्रांती, नाहीतर तो मऊ पडतो आणि बधीर पायही चांगला वाटू लागतो. संवेदना आणि रक्तपुरवठा ठीक असेल तर वर्षातून एकदा तपासणी पुरते. पूर्वी जखम होऊन गेलेल्याला मात्र १ ते ३ महिन्यांनी बोलवावं लागतं.

शेजारच्या मेडिकलवाल्यांनाही तुम्हीच सांगितलंत: मधुमेह्याला कॉर्न कॅप (कुरुपावर लावायची औषधी पट्टी) द्यायची नाही. त्यातलं ४० टक्के सॅलिसिलिक ॲसिड कुरुपाबरोबर चांगली कातडीही खातं, आणि बधीर पायाला ते कळत नाही. गरम पाण्याच्या शेकाचंही तसंच. जखमेत हळद भरायची सवय अजून सुटलेली नाही. हळदीच्या बाजारपेठेत ती सुटायला वेळ लागणारच.

ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी लागली की बागेतून कुणी हलत नाही. त्या दिवसांत चार-पाच जणांना एकाच गाडीने दुपारनंतर पाठवा, तेवढी वेळ मोकळी ठेवतो. सोबत दोन नवी मोनोफिलामेंट आहेत. जुनं वाकलेलं टाकून द्या, सरळ करून वापरू नका.

आपले कृतज्ञ,
सांगलीच्या पायांच्या दवाखान्यातली मंडळी