ऑनलाइन गणितात गट हवेत, पण लहान

महोदय,

ऑनलाइन वर्गात गणिताचे गटकार्य म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. शिक्षिका म्हणून माझा अनुभव वेगळा आहे. सहा-सात मुलांच्या गटात एकच हुशार मूल गणित सोडवते, बाकीचे कॅमेरा बंद करून बसतात, हे खरेच. पण दोष गणिताच्या निवडीचा असतो.

चार जणांचा गट करावा आणि प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्यावी. दोन अंकी संख्या ओळखायची आहे: एकाकडे ‘अंकांची बेरीज १२’, दुसऱ्याकडे ‘संख्या विषम’, तिसऱ्याकडे ‘दशकाचा अंक एककापेक्षा मोठा’, चौथ्याकडे ‘९० पेक्षा लहान’. एकही चिठ्ठी वगळली तर उत्तर पक्के होत नाही. चारही जुळल्या की ७५ उरते. इथे गप्प बसणाऱ्यालाही बोलावेच लागते!

सामाईक फळ्यावर प्रत्येकाचा रंग वेगळा ठेवला की कोणी काय लिहिले तेही दिसते. वेळ दहा मिनिटे पुरे. नंतर उत्तर कोणी सांगायचे हे मात्र शिक्षकाने आयत्या वेळी ठरवावे, नाहीतर पुन्हा तोच हुशार विद्यार्थी पुढे सरसावतो.

– एक गणित शिक्षिका