जीपच्या डॅशबोर्डसाठी घेतलेल्या तीन मीटरच्या किटबाबत तक्रार

कोल्हापूर
दिनांक: १४ जानेवारी २०२५

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: 'हॉट रॉड' तीन मीटर किटमधील न जुळणारा सेंडर (दाब किंवा तापमान मोजून मीटरला कळवणारा भाग), चुकीचा वायरिंगचा कागद आणि सदोष पॅनेल

महोदय,

आपल्या कंपनीचे ऑइल प्रेशर, पाण्याचे तापमान आणि अँपिअर अशा तीन मीटरचे किट मी ६,८५० रुपयांना घेतले. बिलाची प्रत आणि खोक्यावरील लेबलचा फोटो सोबत जोडला आहे. गाडी विलिस सीजे-३बी पेट्रोल जीप, इंजिन हरिकेन एफ-१३४, वायरिंग १२ व्होल्टचे, बॅटरीची निगेटिव्ह बाजू बॉडीला. 'जुन्या सर्व जीपांना चालेल' असे तुमच्या खोक्यावर छापलेले आहे.

मीटर दिसायला सुबक आहेत, काचेला धूर धरत नाही, रात्रीचा उजेडही डोळ्यांवर येत नाही. तक्रार त्याबद्दल नाही. तक्रार अशी, की एका खोक्यात भरलेल्या या वस्तू एकमेकींच्या नाहीतच.

आधी ऑइल प्रेशरचे सांगतो. इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना काटा शून्यावर हवा. तुमचा काटा ७ किलोच्या (चौरस सें.मी.वरचा दाब) पुढे जाऊन टेकून बसतो. इंजिन सुरू केले की खाली येतो, रेस वाढवली की आणखी खाली. वायर उलटी लागली म्हणावे, तर सेंडरला वायर एकच आहे. म्हणून सेंडर काढून हवेच्या कॉम्प्रेसरला जोडला आणि मल्टिमीटरवर ओहम (विजेला होणारा विरोध) मोजले. हवा नसताना १०, एका किलोला ४८, ३ किलोला ११६, ५ किलोला १८२. म्हणजे हा युरोपी पद्धतीचा, १० ते १८० ओहमचा सेंडर. दाब वाढतो तसे त्याचे ओहम वाढतात. मग सेंडरच्या जागी साधे रेझिस्टर लावून मीटर तपासला. २४० ओहमला काटा शून्यावर, १०० ला साधारण मध्यावर, ३३ ला शेवटच्या रेघेवर. हा अमेरिकी पद्धतीचा, २४० ते ३३ ओहमचा मीटर. त्याला दाब वाढताना ओहम कमी झालेले हवे असतात. दोघांची दिशाच उलटी आहे.

यातली खरी फसगत पुढे आहे. ३ किलो दाबाला सेंडर ११६ ओहम देतो, आणि ११६ ओहमला हा मीटर ३ च्या आसपासच दाखवतो. दोन्ही आलेख नेमके तिथे एकमेकांना छेदतात. चांगल्या इंजिनचा चालत्या गाडीतला दाब साधारण याच पट्ट्यात असतो. त्यामुळे मीटर बसवून एक फेरी मारली तर सगळे ठीक वाटते, आणि मेकॅनिक गाडी ताब्यात देऊन मोकळा होतो. पुढे कधी तेल गळाले किंवा पंप बसला आणि दाब एका किलोवर आला, की हाच मीटर ६ च्या वर दाखवणार. दाब पूर्ण गेला तर काटा ऐटीत शेवटच्या रेघेपलीकडे. ज्याने गाडी थांबव म्हणायचे, तोच चालू दे म्हणतो. बेअरिंग वाजायला लागेपर्यंत ड्रायव्हरला पत्ता लागणार नाही.

तुमच्या हेल्पलाइनवरून 'एक रेझिस्टर जोडा, जमून जाईल' असे सांगण्यात आले. सिरीजमध्ये जोडा की पॅरलल, रेझिस्टरने आकडे सरकतात, दिशा फिरत नाही. मीटर किंवा सेंडर, दोघांपैकी एक बदलणे हाच उपाय आहे.

सेंडरचे आटेही वेगळे निघाले. लेबलवर १/८ एनपीटी (अमेरिकी पाइपचे आटे), आतला सेंडर एम१०×१ (मेट्रिक आटे). ब्लॉकवरचे ऑइलचे भोक १/८ एनपीटीचे असते: इंचाला २७ आटे, म्हणजे पिच (दोन आट्यांमधले अंतर) ०.९४ मि.मी., आणि आटे निमुळते. एम१०×१ चे आटे सरळ आणि पिच १ मि.मी. जाडी जवळपास सारखी असल्यामुळे हाताने दोन-अडीच फेरे गोडीगुलाबीने जातात आणि मग अडकतात. तिथे पाना लावला, की ओतीव लोखंडातले आटे खराब होतात. सत्तर वर्षांपूर्वीच्या ब्लॉकला नवीन आटे पाडणे म्हणजे काय खर्च आहे, ते कोणत्याही लेथवाल्याला विचारावे.

यावर तुमच्या कागदातला सल्ला असा: 'सैल वाटल्यास टेफ्लॉन टेपचे ८ वेढे द्यावेत.' एका वायरीच्या सेंडरला अर्थ (बॉडीतून बॅटरीकडे परतीची वाट, 'अर्थिंग') मिळतो तो त्याच्या आट्यांतूनच. आठ वेढ्यांनी तो अर्थ तुटतो, किंवा कधी लागतो कधी सुटतो, आणि काटा नाचत राहतो. टेप लावायचीच तर निमुळत्या आट्यांवर दीड वेढा, पुढचे दोन आटे मोकळे सोडून. सरळ आट्यांना टेप नसतेच, तिथे तांब्याचे वॉशर लागते. शिवाय डब्यासारखा जड सेंडर पितळी टी-जोडावर ब्लॉकला लटकता ठेवला, तर इंजिनच्या थरथरीने मानेतून तुटतो आणि सगळे तेल रस्त्यावर जाते. तो फायरवॉलवर (इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्यावर) क्लॅम्पने बांधून तिथपर्यंत प्रेशर होज न्यावा आणि सेंडरच्या अंगाला वेगळी अर्थची वायर द्यावी. कागदात यातले एक अक्षर नाही.

अँपिअर मीटरची आकृती तर आगीला आमंत्रण आहे. तिच्यात मीटरचा एक स्टड (वायर जोडायचा खिळा) इग्निशन स्विचला आणि दुसरा बॉडीला दाखवला आहे. व्होल्टमीटर असा लावतात. अँपिअर मीटरच्या आत जवळजवळ शून्य ओहमची पट्टी असते, त्यामुळे आकृतीबरहुकूम जोडून चावी फिरवली की सरळ शॉर्ट. फ्यूज आकृतीत कुठेही नाही. विलिसची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, हे हा कागद लिहिणाऱ्याला माहीत असावे असे वाटत नाही.

बरोबर जोडणी म्हणजे अँपिअर मीटर बॅटरी आणि गाडीचा एकूण लोड यांच्या मध्ये, सिरीजमध्ये. फक्त स्टार्टरची जाड केबल त्यातून जात नाही. त्या वाटेवर निदान ६ चौरस मि.मी.ची वायर हवी. किटमध्ये १ चौरस मि.मी.ची आहे. मीटर ३०-०-३० चा, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० अँपिअरपर्यंतचा, आणि हल्ली या जीपांवर डायनॅमो काढून बसवलेला ऑल्टरनेटर सहज ३५ अँपिअरच्या वर देतो. म्हणून इथे अँपिअर मीटर द्यायलाच नको होता. व्होल्टमीटर द्या: २ अँपिअरचा फ्यूज, बारीक वायर, इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४. जाड करंट डॅशबोर्डमागे फिरवायची गरजच उरत नाही.

तुमच्या कागदात 'लाल वायर बॉडीला जोडावी' अशीही सूचना आहे; ती कुठून आली, याचा अंदाज करता येतो. जुन्या अमेरिकी फोर्ड गाड्या, ज्यांच्यावर हॉट रॉड (जोरकस इंजिन बसवून बदललेल्या गाड्या) बांधतात, त्या १९५५ पर्यंत ६ व्होल्टच्या आणि पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या; १९५६ पासून १२ व्होल्ट, निगेटिव्ह अर्थ आला. विलिस ६ व्होल्टची असतानाही निगेटिव्ह अर्थचीच होती. त्या फोर्डचा कागद उचलून जीपच्या खोक्यात घातलेला दिसतो. तुमच्या मीटरचा काळ्या वायरीचा स्टड आतून डब्याशी जोडलेला आहे, हे मल्टिमीटरवर तपासले. डबा क्लॅम्पमधून पॅनेलला आणि पॅनेल डॅशच्या पत्र्याला टेकते. कागदाप्रमाणे काळी वायर पॉझिटिव्हला दिली, तर मीटर पॅनेलवर आवळताक्षणी शॉर्ट होणार.

आता पॅनेल. ॲल्युमिनियम १.५ मि.मी., चांगले आहे. भोके मात्र ५० मि.मी.ची, आणि मीटरचा डबा ५२ चा. अर्धगोल कानशीने भोके ५२.५ करता येतात, पण तेवढ्याने भागत नाही: दोन भोकांच्या केंद्रांमधले अंतर ५८ मि.मी. आणि मीटरच्या पुढच्या रिंगचा व्यास ६०. शेजारच्या दोन रिंगा एकमेकींवर २ मि.मी. चढतात. ग्राहक तिन्ही भोके घासून हात काळे करतो आणि मग त्याला हे कळते. केंद्रांमध्ये ६४ मि.मी. ठेवले असते, तर रिंगांमध्ये ४ मि.मी. फट आणि भोकांमध्ये ११.५ मि.मी. पत्रा राहिला असता. क्लॅम्पची नट फक्त हाताने आवळायची असते, पाना लावल्यास स्टड फिरून आतली वायर तुटते, एवढी ओळ तरी कागदात हवी होती.

तापमानाच्या मीटरचा सेंडर त्याच्या मीटरशी जुळतो, हे नमूद करतो. पण तो ज्या ॲल्युमिनियमच्या ॲडॉप्टरमध्ये बसतो, तो दोन्ही बाजूंनी रबरी होजमध्ये आहे. त्याला अर्थ कुठून मिळणार? काटा कायम थंडावरच राहतो. ॲडॉप्टरवर अर्थच्या वायरीसाठी स्क्रूचे भोकही नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. २४०-३३ ओहमचा, १/८ एनपीटी आट्यांचा ऑइल प्रेशर सेंडर. अँपिअर मीटरऐवजी ५२ मि.मी.चा व्होल्टमीटर, वर दिलेल्या मापांचे पॅनेल, अर्थचा स्क्रू असलेला ॲडॉप्टर. हे सगळे तुमच्या खर्चाने पाठवावे, किंवा किट परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. सेंडर जुळवून पाठवताना कॉम्प्रेसरवर शून्य आणि ३ किलोला मोजलेले ओहम चिठ्ठीवर लिहून द्यावेत. त्याहून निकडीचे म्हणजे, हे किट ज्यांनी ज्यांनी घेतले त्या सर्वांना फोन करून अँपिअर मीटर आकृतीप्रमाणे जोडू नका आणि ऑइलच्या काट्यावर विसंबू नका, असे या आठवड्यातच कळवावे. नवा कागद छापून येण्याची वाट पाहू नये.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे शुल्क लागत नाही.

किट मूळ खोक्यात, वायर न कापता, जपून ठेवले आहे. तुमचा माणूस तपासायला येणार असेल तर मल्टिमीटर आणि व्हर्नियर घेऊन यावा. कॉम्प्रेसर इथे आहे.

आपला,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, लेबल व वायरिंगच्या कागदाचे फोटो, सेंडरच्या मोजमापांचा तक्ता, पॅनेलवर व्हर्नियर लावून काढलेले तीन फोटो.