इथिओपियातल्या खुपरीसाठी भारताने हात द्यावा

माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

भारतात खुपरी (ट्रॅकोमा, जंतूंमुळे होणारा डोळ्यांचा संसर्ग) ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरलेली नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. १९६३ पासून चाललेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे हे फळ. हा अनुभव आज सर्वांत जास्त उपयोगी पडेल तो इथिओपियाला. जगात खुपरीचा सर्वांत मोठा भार तिथेच आहे, त्यातही अम्हारा प्रांतातल्या खेड्यांवर.

या खेड्यांत बायका पाठीवर कॅन बांधून लांबून पाणी आणतात. ते पिण्याला, स्वयंपाकालाच पुरत नाही, तर पोरांची तोंडे कशाने धुणार? चिपडांवर माशा बसतात, त्याच माशा उघड्यावरच्या विष्ठेत वाढतात. जंतू एका मुलाकडून दुसऱ्याकडे आणि तिथून आईच्या डोळ्यात जातो. वर्षानुवर्षे असे होत राहिले की वरच्या पापणीला आतून व्रण धरतात, ती आत वळते आणि केस बुबुळावर घासू लागतात. प्रत्येक उघडझापीला. बायका चिमट्याने ते उपटतात, ते पुन्हा उगवतात. मुले सांभाळणाऱ्या याच. म्हणून पुरुषांच्या चौपटीपर्यंत स्त्रिया यात आंधळ्या होतात.

मोतीबिंदूमुळे तिथे याहून जास्त लोक आंधळे आहेत, हे खरे. पण मोतीबिंदू काढला की बहुतेकांना पुन्हा दिसते. खुपरीने गेलेली नजर सहसा परत मिळत नाही, म्हणून घाई इथे आहे.

जंतू मारणाऱ्या ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या देणगीतून येतात, गावोगाव वाटल्याही जातात. तरी अम्हाराच्या अनेक तालुक्यांतून रोग हटलेला नाही. गोळी घेतलेले मूल पुन्हा त्याच माशांत जाऊन बसते. घाना २०१८ मध्ये आणि मलावी २०२२ मध्ये यातून सुटले, तेव्हा आफ्रिकेत हे होणार नाही असे कुणी म्हणू नये.

भारताने इथिओपियाच्या साखर कारखान्यांसाठी ६४ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. तसेच सवलतीचे कर्ज आता अम्हाराच्या पाणीयोजनांसाठी आणि शौचालयांसाठी द्यावे. पापणीची शस्त्रक्रिया तिथे बहुतांशी प्रशिक्षित परिचारक करतात. ती कच्ची झाली तर केस पुन्हा आत वळतात. आयटेक या भारत सरकारच्या परदेशी तांत्रिक सहकार्य कार्यक्रमातून आपले नेत्रतज्ज्ञ त्यांना शिकवायला पाठवावेत. प्रांतात सध्या संघर्ष आहे, याची जाणीव आहे. तरीही आराखडा आखायला आजच सुरुवात करावी आणि अदिस अबाबाशी होणाऱ्या पुढच्या बोलण्यांत हा विषय घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक मराठी नागरिक