पाचवडच्या मिस्त्रींना आणि टेम्पोवाल्या दादांना धन्यवाद

महामार्गावर वॅगनआरचा पुढचा शॉकअप खडखडतोय हे हेरून गाडी बाजूला घ्यायला लावणारे टेम्पोवाले दादा आणि शटर अर्धं ओढलेलं असताना काम हातात घेणारे मिस्त्री, दोघांचे मनापासून आभार.

मिस्त्रींनी चाकामागे बोट फिरवून शॉकअपमधून गळलेल्या तेलाचा ओघळ दाखवला. शॉकअप वर जिथे गाडीला बसतो, त्या माउंटचं रबरही चिरलेलं. शॉकअपवरची स्प्रिंग, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कॉम्प्रेसरने पक्की दाबल्याशिवाय मधल्या नटाला पाना लावला नाही; नाहीतर ती उसळून अंगावर येते. हाताखालच्या पोरालाही लांब उभं केलं. ‘दोन्ही बाजूंचे जोडीनेच बदला’ म्हणाले तेव्हा, खरं सांगतो, बिल वाढवताहेत असं वाटलं. पण दुसऱ्या बाजूचा, उजवा काढून दाबला, तर आपोआप वर यायला हवा तो दांडा वर येईचना! चाकांची अलाइनमेंट साताऱ्यात करून घ्या, हेही बजावलं.

टेम्पोवाले दादा, तुमची बॅटरी (टॉर्च) त्याच गॅरेजात ठेवली आहे.