आई-बाबा, मनाली ते लेह सायकलनं जातेय

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं आणि तिन्ही वेळा पावसापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लिहितेय. अनंत चतुर्दशीला बाप्पांना पोचवलं की चौथ्या दिवशी मी आणि ठमी मनालीला निघतोय. तिथून लेहपर्यंत सायकलनं. रजा मंजूर झालीय, तिकिटं काढलीत.

आणखी एक कबुली द्यायचीय. जुलैतल्या एका रविवारी पहाटे मी वाईत होते. पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेले, उतरले आणि घरी न येताच पुण्याला परतले. चढायच्या आधी आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांबले होते. स्वयंपाकघरात दिवा होता, म्हणजे आईनं चहा टाकला असणार. आत आले असते तर सायकल बघून तुम्ही विचारलं असतं आणि मला खोटं बोलावं लागलं असतं. तेव्हापासून मन खातंय.

पितृपंधरवड्यात निघतेय याचं आईला वाईट वाटेल, माहीत आहे. आजोबांच्या तिथीला मी नसेन. पण आई, त्या रस्त्याचं गणित तसंच आहे. ऑगस्टपर्यंत मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी. ऑक्टोबर सरत आला की खिंडींत बर्फ. मधले हे थोडे आठवडेच काय ते निवांत. त्या दिवशी असेन तिथून आजोबांना नमस्कार करेन. त्यांच्या पानात अळूची भाजी माझ्या नावानं वाढ.

बाबा, तुम्ही नकाशा काढून बसालच, म्हणून सांगते. २०२० साली अटल बोगदा झाल्यापासून लेहकडची बहुतेक वाहतूक त्यातूनच जाते. आम्ही रोहतांगच्या जुन्या घाटानं जाऊ. पुढे सिस्सू, तांदी (तिथं चंद्रा आणि भागा या नद्यांचा संगम आहे), केलाँग, जिस्पा. मग बारालाचा ला, सरचू, गाटा लूप्सची एकवीस वळणं, पांग, मोरेचं पठार आणि शेवटची मोठी खिंड टांगलांग ला. ती सव्वापाच हजार मीटरच्याही वर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो. हे लपवत नाही, कारण तुम्ही शोधून काढालच आणि मग रात्रभर जागाल.

म्हणूनच घाई करणार नाही. मनालीत दोन दिवस मुक्काम, जिस्पाला एक जादा दिवस. मुक्कामाची उंची रोज थोडी थोडीच वाढवायची, म्हणजे शरीराला सवय होते. विमानानं थेट लेहला उतरणाऱ्यांना ती सवलत मिळत नाही. मामा-मामींचं काय झालं ते आठवा. डोकं दुखायला लागलं किंवा मळमळलं तर वर जायचं नाही, आणि थांबून उतार पडला नाही तर खाली यायचं. हे आम्ही दोघींनी एकमेकींना शब्द देऊन ठरवलंय. आणि ठमी कशी आहे तुम्हाला ठाऊक आहे. ती मला हट्ट करू देणार नाही.

खाण्यापिण्याची काळजी नको. वाटेत तंबूंचे ढाबे आहेत, गरम डाळ-भात मिळतो, झोपायला जाड रजया असतात. पाणी शुद्ध करायच्या गोळ्या घेतल्यात, लोकरीचे मोजे चार जोड आहेत आणि आईचा तो चॉकलेटी स्वेटर नेतेय.

बाबा, मी दुसरीत असताना तापानं फणफणले होते, तेव्हा तुम्ही सायकलच्या दांडीवर टॉवेलची घडी ठेवून, मला आईच्या शालीत गुंडाळून दवाखान्यात नेलं होतं. चढाला मी काहीतरी बडबडत होते. तुम्ही म्हणालात, "चढावर बोलायचं नाही बबडे, श्वास मोज." पसरणीला मी तेच केलं. तिकडेही तेच करणार आहे.

आता ऐका. जिस्पा-दारचा सोडलं की पुढचे काही दिवस बहुधा फोन लागणार नाही. त्या दिवसांत माझा फोन बंद आला तर समजा, मी चढावर आहे. लेहच्या थोडं अलीकडे उपशी गाव आहे, त्याच्या आसपास रेंज आली की पहिला फोन तुम्हालाच. लडाखमध्ये बाहेरचं प्रीपेड चालत नाही, म्हणून पोस्टपेड कार्ड घेतलंय.

बाबा, रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही. आठवड्याच्या डब्या मी गणपतीत आले की भरून ठेवेन. टाकी बघायला शिडीवर चढायचं नाही, शेजारच्या दादाला हाक मारा. माडीचा जिना चढताना फोनवर बोलत जाऊ नका, श्वास मोजा. गणपती घाटावर फिरायला जा, पण खालच्या शेवाळलेल्या पायऱ्यांवर उतरू नका. आई, गुडघ्याचा पट्टा नुसता कपाटात ठेवू नकोस. दोघांनी मिळून तपासणीला जाऊन या. तारीख मी मुद्दाम माझ्या निघण्याआधीची घेतलीय आणि सोबत मीच येणार आहे. रागावून बोललेय असं वाटून घेऊ नका. तुमच्या दोघांच्या प्रकृतीचा भरवसा असला तरच माझे पाय तिकडे नीट फिरतील.

दसऱ्याला घरी आहे, सोनं द्यायला.

आई, डिंकाचे लाडू दोन डबे कर, एक ठमीसाठी. मेतकूटही थोडं दे.

तुमची,
बबडी