सूचना : रविवारची बैठक, उत्क्रांती आणि तत्त्वज्ञान

सभासदहो, रविवारी संध्याकाळी साडेपाचला नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय तेयार द शार्दँ. जेसुइट धर्मगुरू आणि जीवाश्मतज्ज्ञही. चीनमध्ये सापडलेल्या आदिमानवाच्या, म्हणजे 'पेकिंग मानवा'च्या, संशोधनात ते होते. जड, जीव, मन ही एकच चढती वाट, आणि शेवटी 'ओमेगा' बिंदू, म्हणजे सगळी जाणीव जिथे एकवटते तो उत्क्रांतीचा अंतिम टप्पा, अशी त्यांची मांडणी. हयातीत चर्चने ती छापू दिली नाही. १९५५मध्ये ते वारले आणि त्याच वर्षी ही मांडणी करणारं पुस्तक आलं. इंग्रजी आवृत्तीला प्रस्तावना जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सलींची, म्हणजे देव न मानणाऱ्याची! जीवशास्त्रज्ञ पीटर मेडावारांनी मात्र १९६१मध्ये परीक्षण लिहून पुस्तकाची सालटी काढली. निसर्गनिवडीला, म्हणजे तगणारे जीव टिकून पुढे वाढण्याच्या प्रक्रियेला, मुक्कामाचं गाव नसतं, मग ओमेगा आला कुठून? वाद यावरच रंगेल. मेडावारांचं परीक्षण वाचूनच या. झेरॉक्स कपाटात आहेत. घरी नेल्यास वहीत नोंद करा.